लवकर झालेली भैरवी

एका बाईंना आयुष्यात एकदा लोकांसमोर गायचं होतं आणि ते मी होऊ दिलं नाही. मी त्यांना अडवलं नाही, एक शब्द बोललो नाही. मी फक्त पेटी वाजवली, आणि तीही बरी वाजवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली, पण त्या टाळ्या आठवल्या की अजून कुणीतरी तोंडावर गार पाणी मारल्यासारखं होतं.

त्या माझ्या घरमालकीण. आम्ही भाडेकरू त्यांना काकू म्हणायचो. त्यांचे यजमान ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकवत. ते गेल्यावर एवढ्या घरात एकटीनं काय करायचं म्हणून काकूंनी वरची खोली आणि बेसमेंट भाड्यानं द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत येण्याआधी पुण्यात त्या कॉलेजात फ्रेंच शिकवायच्या. उंच, सडपातळ, बॉबकट, अंगावर साडी, साडीवर यजमानांचा जुना स्वेटर आणि पायात बर्फातले बूट. घरातसुद्धा बूट.

मी खोली बघायला गेलो तो जानेवारी होता. दारात बूट काढत होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आ म्हण."

मला वाटलं, घसा तपासतायत. सर्दीवाला भाडेकरू नको असेल. मी आ वासला.

"अरे दाताच्या डॉक्टरकडे आलायस का? आवाज काढ."

मी आवाज काढला. त्यांनी शेजारच्या पेटीचा भाता हलवून एक पट्टी दाबली, मान डोलावली आणि म्हणाल्या, "काळी एक. बेसमेंट तुझं. वर नागपूरचा मुलगा आहे, तो काळी चार. तुमचं सा आणि पंचमाचं नातं आहे. दोघं एकदम बोललात तरी माझ्या कानाला त्रास नाही."

पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून गाणाऱ्याचा सूर सांगायची आपल्याकडे रीत आहे. काकू ती रीत जगाला लावत. मला त्यांनी चार वर्षांत नावानं हाक मारली नाही. "काळी एक, कचरा बाहेर ठेव." "काळी चारला सांग, जिन्यावरून सावकाश उतर." रस्त्यावरची बस, शेजारचं कुत्रं, चहाची किटली, सगळ्यांना पट्टी होती. एकदा त्यांनी मला फ्रिजला कान लावायला लावला होता.

"ऐकलंस? पुण्याच्या फ्रिजची गुणगुण सा धरलीस, तर इथल्या फ्रिजची म्हणजे त्याचा कोमल गंधार. विजेतच फरक आहे, तू इंजिनिअर आहेस, तुला कळायला पाहिजे."

मी खाली जाऊन कागदावर आकडे मांडून पाहिले. बरोबर होतं. मी थक्क झालो.

"म्हणून मला या स्वयंपाकघरात सारखी भैरवीची चाहूल लागते," त्या म्हणाल्या. "मैफल संपली, आता घरी जायचं, असं वाटत राहतं. आणि घर तर हेच."

त्यांच्या घरात 'छान' या शब्दाला बंदी होती. काळी चार नवीन होता तेव्हा त्यांच्या हातची वांग्याची भाजी खाऊन म्हणाला, "काकू, छान झाली." त्यांनी ताटलीच ओढून घेतली. "छान म्हणजे काय? तिखट कमी की जास्त? वांगं शिजलंय की नाही? छान हा न ऐकणाऱ्या माणसाचा शब्द आहे." तो गरीब मला बेसमेंटमध्ये येऊन म्हणाला, "हे काय होऊन राहिलं बे? इथं तर जेवायचीही परीक्षा आहे."

स्वतः मात्र त्या कधी गायच्या नाहीत. बारा वर्षं शिकल्या होत्या म्हणे. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "माझा आवाज वर गेला की तुटतो. तुटकी वस्तू लोकांपुढे ठेवू नये. मी श्रोता आहे. श्रोता असणं हे पूर्ण वेळेचं काम आहे."

आणि याच बाईंनी आमच्या गल्लीत गाण्या-वाजवण्याचा एक उत्सव सुरू केला होता.

तरुणपणी त्या फ्रान्समध्ये एका लहान गावात दोन वर्षं शिकायला होत्या. तिथं एकवीस जूनला, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, लोक रस्त्यावर येऊन वाजवतात. काकूंनी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या खोलीसमोरच्या खाटकाला. तो दुकानाच्या पायरीवर बसून ट्रम्पेट वाजवत होता, आणि अत्यंत वाईट वाजवत होता. वरच्या खिडकीतली म्हातारी त्याला ओरडून काहीतरी म्हणाली. काकूंना वाटलं, बंद कर म्हणत असेल. ती म्हणत होती, आणखी वाजव.

"मला धक्काच बसला," काकू सांगायच्या. "आपल्याकडे त्याला कुणी बसू दिलं असतं का? त्यांच्या भाषेत फेत म्हणजे सण, आणि फेत म्हणजे करा. उच्चार एकच. संगीताचा सण म्हटलं की आपोआप संगीत करा असं म्हटलं जातं. ज्याला येतं त्यानं करा. ज्याला येत नाही त्यानंही करा. दुसरं वाक्य महत्त्वाचं."

काळी चारनं या 'फेत'चा पहिल्याच वर्षी फेटा केला. "काकूंचा फेट्याचा दिवस" असं तो फोनवर मित्रांना सांगत सुटला आणि त्यातला एक खरंच भगवा फेटा बांधून ढोलकी घेऊन आला. काकूंनी त्याला काही सांगितलं नाही. म्हणाल्या, "राहू दे. डोक्यावर काय आहे याचा सुराशी संबंध नाही."

नियम असे. स्टेज नाही. माईक नाही. आमंत्रण नाही. दारं उघडायची, खुर्च्या फुटपाथवर मांडायच्या आणि वाजवायचं. मला ते पाहून पहिल्या वर्षी घामच फुटला. ज्या देशात अंगणातलं गवत चार बोटं वाढलं तर नोटीस येते, तिथं ही बाई भर रस्त्यात पेटी घेऊन बसली होती. मराठी मंडळाचे एक कार्यकर्ते आले होते, ते इकडं-तिकडं बघत म्हणाले, "काकू, प्रमुख पाहुणे कोण? निदान आभारप्रदर्शन तरी ठेवा."

"आभार कुणाचे मानू? फुटपाथचे?"

समोरच्या घरात एक निवृत्त पोस्टमन राहायचे, ते ॲकॉर्डियन घेऊन आले. त्यांना तीन गाणी येत, ती ते आळीपाळीनं वाजवत. ते काकूंना मादाम म्हणत. पेटीवर मी. लहानपणी दोन वर्षं शिकलो होतो, तेवढ्यावर काकूंनी मला साथीला बसवलं. दुपारी चारपासून साडेआठपर्यंत हे चालायचं. त्या दिवशी तिकडे सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे साडेआठलाही स्वच्छ उजेड असायचा. दोन वर्षं असं झालं. दोन्ही वर्षं शेवटी काकूंनी टेप लावली, कुणा जुन्या गायकाची भैरवी. भैरवी झाली की त्या खुर्चीची घडी घालायच्या. एकदा फेटेवाला म्हणाला, "काकू, अजून एक वाजवू?" तर त्या दचकल्याच. "भैरवीनंतर? अरे, निरोप घेऊन झाल्यावर कुणी परत जेवायला बसतं का?"

हे मी मुद्दाम सांगतोय. भैरवीनंतर काही नाही, हा काकूंचा एकच नियम असा होता, जो फ्रान्समधून आला नव्हता. आणि तो त्या मोडणार नाहीत, हे मला माहीत होतं.

तिसऱ्या वर्षी, मार्चच्या सुमारास, मला बेसमेंटमध्ये गाणं ऐकू यायला लागलं.

अमेरिकेतल्या घरांना हीटिंगची गरम हवा फिरवायला पत्र्याचे बोगदे असतात आणि खोलीत त्यांचं तोंड जाळीतून उघडतं. माझ्या पलंगावरच्या जाळीतला बोगदा थेट काकूंच्या खोलीतून यायचा. हीटिंग थांबलं की वरचा आवाज असा यायचा, जणू त्या माझ्या उशाशी बसल्यात. त्या गात होत्या. दबक्या आवाजात, एकच चीज, रोज पहाटे. शब्द जाळीतून येत नव्हते, नुसती चाल यायची. भैरवी होती एवढं मला कळत होतं. दुसऱ्या ओळीत आवाज वरच्या कोमल गंधाराकडे जायचा आणि तिथं थांबायचा. एक क्षण काहीच नाही. मग पुढं. रोज तसंच.

मी कुणाला बोललो नाही. पण आठवडाभरात ती चाल माझ्या बोटांत बसली. ऑफिसात कीबोर्डवर मी नकळत ती वाजवू लागलो.

फ्रिजवरच्या कॅलेंडरवर, जूनच्या पानावर, काकूंनी दोन खुणा केल्या होत्या. एकवीसवर 'भै.' आणि चोवीसवर 'घ.' काळी चार त्यावर विचार करत उभा राहिला होता. "भै. म्हणजे कोणी भैया येऊन राहिला काय?" मी हसलो. भै. मला कळलं होतं. काकू या वर्षी टेप लावणार नव्हत्या. घ. मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

आता मी काय केलं ते सांगतो. त्या वर्षी माझी ग्रीन कार्डची फाइल कंपनीतून पुढं जायची होती. ती माझ्या मॅनेजरच्या सहीवर होती. तो भला माणूस होता. एकदा जेवताना मी त्याला आमच्या उत्सवाबद्दल सांगितलं, आणि सांगताना जरा वाढवून सांगितलं. भारतीय शास्त्रीय संगीत, परंपरा, हजारो वर्षं, असं काय काय. तो म्हणाला, मी आणि बायको नक्की येतो. आणि ते खरंच आले. सात वाजता, घडीच्या खुर्च्या आणि सरबताची बाटली घेऊन, अगदी पहिल्या रांगेत.

सगळं बरं चाललं होतं. पोस्टमननी तिन्ही गाणी दोनदा वाजवली. ढोलकी झाली. कुणाच्या तरी मुलीनं व्हायोलिन वाजवलं. आठच्या सुमारास काकू उठल्या. यजमानांचा स्वेटर काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मी त्यांना स्वेटरशिवाय पहिल्यांदाच पाहत होतो. खाली चांगली इरकल होती. त्यांनी कमरेच्या बटव्यातून खडीसाखरेचा खडा काढून गालात धरला आणि माझ्या शेजारी बसल्या.

मी मॅनेजरकडे पाहिलं. तो पुढं झुकून हसला. मला एकदम तो तुटणारा आवाज ऐकू आला. अजून त्या गायल्या नव्हत्या, तरी ऐकू आला. हा आवाज आता भर रस्त्यात तुटणार, ही दोघं एकमेकांकडे बघणार, आणि सोमवारी हा माणूस मला भेटणार.

पुढं अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी काकूंची शोभा वाचवायला ते केलं. ते खोटं आहे. मी माझी वाचवली.

काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पांढरी चार. सा दे."

त्यांनी सूर मागितला आणि मी चाल सुरू केली. भैरवी. मला भैरवीत एकच चीज येत होती, ती जाळीतून आलेली.

मी डोळे मिटून वाजवली. पहिली ओळ, दुसरी ओळ, वरचा कोमल गंधार. तिथं मी थांबलो. एक क्षण काहीच नाही. मग पुढं गेलो. मला वाटत होतं, चाल तशीच आहे. तीन महिने मी ती तशीच ऐकली होती.

शेजारी कडकन आवाज झाला. काकूंनी खडीसाखर चावली होती.

मी डोळे उघडले. त्या माझ्या बोटांकडे पाहत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. रस्त्यात चालताना आपलीच एखादी वस्तू परक्या माणसाच्या हातात दिसावी, तसा तो चेहरा होता. मला तेव्हा कळलं की त्यांना सगळं कळलं. मी रोज ऐकत होतो, हे कळलं. कुठं थांबलो, हेही कळलं. तरी माझी बोटं चालूच राहिली. मी चीज पूर्ण केली.

टाळ्या पडल्या. मॅनेजर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

पोस्टमन म्हणाले, "मादाम, आता तुमची पाळी. तुम्ही गाणार होता ना?"

"संपलं," काकू इंग्रजीत म्हणाल्या.

"कोण म्हणतं?"

काकूंनी पेटीकडे बोट दाखवलं. "ही म्हणते."

पोस्टमनना काही समजलं नाही. त्या रस्त्यावर पन्नास माणसं होती, सगळ्यांना आणखी ऐकायचं होतं, ऊन अजून झाडांवर होतं. कुणी अडवत नव्हतं. मी वाट पाहत होतो की त्या मला म्हणतील, गाढवा, गप्प बस, आणि गायला लागतील. खरं सांगतो, मला तेच हवं होतं. एवढ्याशा गोष्टीनं एक माणूस थांबेल आणि खरंच थांबून राहील, हे माझ्या डोळ्यांदेखत होत होतं आणि मला पटत नव्हतं. त्यांनी स्वेटर घातला. वरपासून खालपर्यंत बटणं लावली. खुर्चीची घडी घातली.

काळी चार मला नंतर म्हणाला, "तू लवकर आटोपलंस बे. काकू काहीतरी करणार होत्या वाटते." मी म्हटलं, "मला कुठं माहीत?"

चोवीस तारखेला सकाळी काकूंनी बेसमेंटचं दार वाजवलं. "काळी एक, मला हॉस्पिटलला सोड. हातात बॅग आहे, बस नको."

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काय झालं, काकू?"

"घशात गाठ आहे. आवाजाची नस तिला चिकटलीय. काढताना वाचली तर वाचली."

कॅलेंडरवरचं घ. मला त्या क्षणी कळलं. घसा. सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचा माणूस हॉर्न वाजवत होता.

"कधी कळलं?"

"मार्चमध्ये. ते म्हणाले, लगेच करू. मी म्हटलं, जून संपेपर्यंत थांबा. भांडून एकवीसनंतरची तारीख घेतली."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी वाट पाहत होतो, त्यांनी आता म्हणावं म्हणून. जे म्हणायचं ते म्हणावं.

"डावीकडे घे," त्या म्हणाल्या. "इथून जवळ पडतं."

गाठ निघाली. नस वाचली नाही. काकू परत आल्या त्या कुजबुजत्या होऊन. जुन्या वहीचं पान चुरगळावं तेवढाच आवाज. त्याला पट्टी नव्हती. फोन घेणं त्यांनी बंद केलं. ओट्यावर चिठ्ठ्यांची एक वही ठेवली आणि आम्हाला सूचना त्यातून मिळू लागल्या. माझी फाइल ऑगस्टमध्ये पुढं गेली. मॅनेजरनं सही करताना त्या संध्याकाळची आठवण काढली. म्हणाला, शेवटी तू जे वाजवलंस ते मी विसरणार नाही.

मी घर सोडायचं म्हणत होतो. सोडलं नाही. माफी मागायची म्हणत होतो, तीही मागितली नाही. आज हॉस्पिटलची तारीख आहे, आज त्यांचा उपास आहे, आज बर्फ आहे, असं करत वर्ष गेलं. पहाटे जाळीतून काही यायचं नाही. फ्रिजची गुणगुण तेवढी यायची.

पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या दारात एक चिठ्ठी होती. काकूंचं अक्षर.

'या वर्षी भैरवी तू. लवकर नको.'

मी ती वाचून जिन्याच्या पायरीवर बसलो. त्या चिडल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं, तरी सोसलं असतं.

संध्याकाळी वर गेलो. पेटी मांडून ठेवली होती. "काकू," मी म्हटलं, "मला तुम्हाला एक—"

त्यांनी हातातल्या फूटपट्टीनं पेटीवर टकटक केलं. वाजव.

मी वाजवायला लागलो. पहिली ओळ, दुसरी. वरच्या कोमल गंधारापाशी माझी बोटं आपोआप थांबली.

टक.

मी मान वर केली. त्या पुढं वाकल्या आणि कुजबुजल्या. नीट ऐकायला मला भाता सोडावा लागला.

"इथं थांबायचं नसतं रे. चीज पुढं जाते. ते थांबणं माझं होतं."

मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच थांबलो. त्यांनी पुन्हा पट्टी आपटली. असं आठ-दहा वेळा झालं. शेवटी त्यांनी पट्टी खाली ठेवली, बटव्यातून खडीसाखरेचा खडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"राहू दे मग," त्या म्हणाल्या. "तेवढंच उरलंय माझं. तुझ्यापाशी राहू दे."